लहान नमुन्याचे संख्याशास्त्र : प्रस्तावना

काडतूस चांगले आहे की फुसके, हे कळायचे तर ते उडवूनच पाहावे लागते. आणि उडवलेले काडतूस नंतर कुणाच्याच कामाचे राहत नाही. भुसावळ तालुक्यातील वरणगाव येथे १९६४ पासून लहान शस्त्रांचा दारूगोळा बनवणारी आयुध निर्माणी आहे. २०२१ मध्ये ती म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आली. ५.५६ आणि ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसांसाठी ती ओळखली जाते. असल्या मालाचा नगन्‌नग तपासायचा म्हटला, तर तपासणी पुरी होईल तेव्हा पाठवायला माल उरणार नाही. म्हणून जगात सगळीकडे दारूगोळ्याची पारख लॉटमधून उचललेल्या मोजक्या नगांवर होते. इथे नमुना लहान असतो तो पैसा कमी पडला म्हणून नव्हे. मालाचा स्वभावच तसा आहे.

समजा, मोठ्या लॉटमधून २० काडतुसे उचलली, उडवली, आणि एकही फुसके निघाले नाही. लॉटमध्ये फुसकी किती? ‘एकही नाही’ हे उत्तर चटकन सुचते आणि ते चुकीचे असते. लॉटमध्ये ५ टक्के काडतुसे फुसकी असली, तरी २० पैकी २० चांगली निघण्याची शक्यता ३६ टक्के आहे. ९५ टक्के विश्वासाने एवढेच म्हणता येते, की फुसक्यांचे प्रमाण १४ टक्क्यांच्या आत आहे. तोंडी हिशेबासाठी एक सोपा नियम आहे : दोष शून्य आढळला, तर ३ ला नमुन्याच्या संख्येने भागावे, जी येईल ती दोषाच्या प्रमाणाची वरची मर्यादा. नमुना फार लहान असला की हा नियम किंचित जास्त आकडा देतो. ६० नगांत शून्य दोष म्हणजे सुमारे ५ टक्क्यांच्या आत, ३०० नगांत शून्य म्हणजे १ टक्क्याच्या आत. हजारात एकाहून कमी दोष आहे असे म्हणायचे तर जवळजवळ ३००० नग निर्दोष उडवून दाखवावे लागतात. हेच गणित नव्या औषधालाही लागू पडते. २० रोग्यांत दुष्परिणाम दिसला नाही याचा अर्थ औषध निर्धोक ठरले असा होत नाही. अर्थात नग चिठ्ठ्या टाकून उचलले असतील तरच हे सगळे खरे. पेटीच्या वरच्या थरातून हाताला लागतील ते २० नग घेतले, तर या आकड्यांना काही आधार राहत नाही.

या प्रश्नातून एक अख्खी शाखा वाढली. अमेरिकेत बेल टेलिफोन प्रयोगशाळेतील डॉज आणि रोमिग यांनी नमुना-तपासणीच्या योजना बांधल्या. दुसऱ्या महायुद्धात तशा योजना अमेरिकी लष्कराच्या खरेदीत शिरल्या, आणि त्याच परंपरेतले आयएस २५०० हे भारतीय मानक आज साध्या स्क्रूपासून मोठ्या यंत्रभागांपर्यंत वापरले जाते. त्याच युद्धात अब्राहम वाल्ड यांनी क्रमवार चाचणी मांडली. नमुन्याची संख्या आधी गोठवायची नाही. एकेक नग तपासत जायचे आणि प्रत्येक निकालानंतर ‘स्वीकार’, ‘नकार’ किंवा ‘अजून एक’ यांपैकी एक निर्णय घ्यायचा. त्यामुळे सरासरीने कितीतरी कमी नग खर्ची पडतात. ही पद्धत युद्ध संपेपर्यंत गुप्त ठेवली होती. वाल्ड यांचा शेवट मात्र भारतात झाला : व्याख्यानांच्या दौऱ्यावर असताना डिसेंबर १९५० मध्ये निलगिरीत झालेल्या विमान अपघातात ते गेले.

नमुना लहान राहण्याची कारणे एकाच जातीची नसतात. कधी वस्तूच तेवढ्या असतात. दायमाबादला १९७४ मध्ये ताम्रपाषाण काळातील धातूच्या चार मूर्ती सापडल्या. अभ्यासकाने ठरवून पाचवी मिळत नाही. कधी रोग दुर्मीळ असतो. कधी वेळ आडवा येतो. खान्देशात केळीची लागवड केली, मग ती जून-जुलैचा मृगबाग असो की पावसाळ्यानंतरचा कांदेबाग, घड कापायला येईपर्यंत सुमारे वर्ष जाते. तीन वर्षांच्या पीएच.डी.त केळीचे प्रयोग बसणार तरी किती? प्रबंधाच्या शेवटी ‘नमुना लहान असणे ही प्रस्तुत अभ्यासाची मर्यादा आहे’ हे वाक्य उपचार म्हणून लिहिले जाते. ते वाक्य निरुपयोगी आहे. मर्यादा आहे हे सांगून भागत नाही. ती निष्कर्षाला कुठे आणि किती लागते हे आकड्यांत सांगता येते, आणि त्याचीच शिस्त म्हणजे हा विषय.

या शिस्तीची सुरुवात विल्यम गॉसेट यांच्यापासून होते. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कंपनीत ते नोकरीला होते. बार्ली आणि हॉप्स यांच्या प्रयोगांत त्यांच्या हाती चार-पाच, फार तर दहा आकडे येत. त्या काळचे सगळे सिद्धांत शेकड्यांनी निरीक्षणे असतील असे धरून चालत. गॉसेट यांनी ३००० गुन्हेगारांची उंची आणि मधल्या बोटाची लांबी पत्त्यांवर लिहिली, पत्ते पिसले, आणि चार-चारांचे ७५० गट पाडून प्रत्येक गटाची सरासरी किती भरकटते ते मोजले. कंपनीच्या धोरणामुळे नाव छापता येत नव्हते, म्हणून १९०८ चा तो लेख ‘स्टुडंट’ या टोपणनावाने आला. टी-चाचणीला आजही स्टुडंटची चाचणी म्हणतात ती त्यामुळे.

त्यांना दिसले ते असे. नमुना लहान असला की सरासरी डळमळीत असते, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण त्याहून डळमळीत असते ते प्रमाण विचलन, म्हणजे आकड्यांच्या पसरटपणाचे माप. आणि सरासरी किती विश्वासाची हे आपण त्याच मापावरून ठरवतो. पाच आकड्यांवरून काढलेले विचलन घेतले, तर खरे विचलन त्याच्या ०.६ पटीपासून २.९ पटीपर्यंत कुठेही असू शकते. फूटपट्टीच लवचीक असल्यावर मोजमापाला जादा सूट द्यावी लागते, आणि ती किती हे टी-कोष्टक सांगते. नमुना अमर्याद मोठा असला तर सरासरीच्या प्रमाण त्रुटीला (विचलन भागिले निरीक्षणसंख्येचे वर्गमूळ) १.९६ ने गुणून ९५ टक्क्यांच्या विश्वास मर्यादा मिळतात. दहा निरीक्षणांना हा गुणक २.२६ होतो, पाचांना २.७८, चारांना ३.१८. दोनच निरीक्षणे असतील तर १२.७१. दोन आकड्यांवरून काहीच निघत नाही असे नाही. निघते, पण ते इतके रुंद असते की बहुधा कामाचे नसते.

महाविद्यालयीन वर्गांत ‘३० च्या खाली लहान नमुना, ३० च्या वर मोठा’ असा एक नियम घोकवला जातो. त्यामागे निसर्गाचा कुठलाही नियम नाही. रोनाल्ड फिशर यांच्या १९२५ च्या पुस्तकातील टी-कोष्टक ३० पर्यंत येते आणि पुढे थेट अनंतावर उडी घेते, कारण तिथपर्यंत गुणक २.०४ वर आलेला असतो आणि हाताने हिशेब करणाऱ्याला उरलेला फरक नगण्य वाटे. आकडे एकाच बाजूला ओढलेले असतील, जसे रुग्णालयातील मुक्कामाचे दिवस किंवा शेतकऱ्याच्या डोक्यावरचे कर्ज, तर ५० निरीक्षणेही लहानच. उलट एकसारख्या मालात आठ नग पुरतात. आता गणन संगणक करतो. टी-चाचणी कितीही निरीक्षणांना चालते, आणि ३० ची सीमा सोडून देण्यात काही तोटा नाही.

एक उदाहरण आकड्यांसह पाहू. आकडे कल्पित आहेत, मांडणी नेहमीची. केळी उत्पादक सहा शेतकऱ्यांनी आपापल्या बागेचे दोन भाग केले. एका भागाला ठिबकमधून विद्राव्य खते नव्या वेळापत्रकाने दिली, दुसऱ्याला जुन्याच. कुठला भाग नव्याला हे नाणे उडवून ठरले. घडाच्या सरासरी वजनातील फरक (नवे वजा जुने) किलोमध्ये असे आले : १.८, ०.६, २.४, उणे ०.५, १.२ आणि १.७. सरासरी फरक १.२ किलो, प्रमाण त्रुटी ०.४२. मोठ्या नमुन्याचा १.९६ हा गुणक लावला तर मर्यादा ०.३८ ते २.०२ येतात. सहा निरीक्षणांचा योग्य गुणक २.५७ आहे, त्याने मर्यादा होतात ०.१२ ते २.२८. म्हणजे नव्या वेळापत्रकाने घडामागे सव्वादोन किलो मिळू शकतात किंवा जेमतेम शंभर ग्रॅम. खताचा जादा खर्च शंभर ग्रॅमात निघत नसेल, तर ‘फरक सार्थ आहे’ एवढे ऐकून शेतकऱ्याने काय करायचे?

इथे टी-चाचणीचे पी-मूल्य, म्हणजे काहीच परिणाम नसताना एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता, सुमारे ०.०३६ येते. पण ही चाचणी फरकांचे वितरण प्रसामान्य आहे असे धरून चालते, आणि सहा आकड्यांवरून ते पडताळता येत नाही. प्रसामान्यतेची चाचणी लावून ‘काही बिघडलेले आढळले नाही’ असे लिहिण्याची पद्धत आहे. इतक्या लहान नमुन्यात त्या चाचणीला काही आढळण्याइतकी ताकदच नसते. दुसरा मार्ग असे काही धरून चालत नाही. नव्या वेळापत्रकाचा काहीच परिणाम नसेल, तर प्रत्येक फरकाचे चिन्ह अधिक की उणे हे केवळ नाण्यावर अवलंबून होते. सहा फरकांची चिन्हे ६४ प्रकारे लागू शकतात. त्यांपैकी ४ प्रकारांत सरासरी फरक, कुठल्याही दिशेने, १.२ किंवा त्याहून मोठा येतो. पी-मूल्य झाले ४ भागिले ६४, म्हणजे ०.०६२५. तेच आकडे आणि तोच प्रश्न, तरी ‘सार्थ’ ठरवण्याच्या रूढ ०.०५ च्या रेषेची एक चाचणी अलीकडे, दुसरी पलीकडे. यात कुणी चुकलेले नाही. लहान नमुन्यात ०.०५ ची रेषा ही निकालाची रेषा नव्हे, एवढाच त्याचा अर्थ. पाचच शेतकरी असते तर सगळे फरक अधिक येऊनही दोन्ही दिशांचे सर्वांत लहान पी-मूल्य २ भागिले ३२, म्हणजे ०.०६२५च राहिले असते. या पद्धतीने ०.०५ गाठणे त्या प्रयोगाला सुरुवातीपासूनच अशक्य. विलकॉक्सन यांची १९४५ ची क्रमांकांवर आधारलेली चाचणी याच कुळातली. मुळे फिशर यांच्या चहाच्या प्रयोगात आहेत : आठ पेल्यांपैकी दूध आधी घातलेले चार कोणते ते ओळखायचे, निवडीचे प्रकार ७०, आणि निव्वळ नशिबाने सगळे बरोबर येण्याची शक्यता सत्तरात एक.

या प्रयोगाची खरी ताकद चाचणीत नसून जोड्यांत आहे. काळ्या कसदार जमिनीतली बाग आणि हलक्या मुरमाड जमिनीतली बाग यांच्या घडांत जो फरक असतो, तो खताच्या फरकाहून मोठा. तीन शेतकऱ्यांना नवे आणि तिघांना जुने वेळापत्रक दिले असते, तर जमिनीच्या फरकाने खताचा फरक गिळला असता. एकाच बागेत दोन्ही ठेवल्याने जमीन, पाणी आणि शेतकऱ्याचा हात वजाबाकीत निघून गेला. नमुना वाढवता येत नसेल तेव्हा मांडणी सुधारणे हा बहुतेक वेळा सर्वांत स्वस्त उपाय असतो. गट पाडणे, आधीचे मोजमाप हिशेबात धरणे, मोजण्याचे साधन अधिक काटेकोर वापरणे, ही सगळी त्याचीच रूपे.

सर्वांत जास्त गफलत होते ती नमुना नेमका किती हे मोजण्यातच. वरच्या प्रयोगात प्रत्येक भागात ५० झाडे असतील, तर वजने ६०० घडांची होतात, आणि संगणकाला ६०० ओळी दिल्या की पी-मूल्य देखणे येते. पण वेळापत्रक झाडाला दिलेले नव्हते, बागेच्या भागाला दिले होते. एका बागेतील झाडे एकाच पाण्यावर, एकाच मातीत, एकाच हाताखाली वाढतात. पन्नासावे झाड पहिल्या एकोणपन्नासांनी न सांगितलेले फारसे काही सांगत नाही. नमुना सहाच. साध्या पाहणीतही हेच : सहा बागांत मिळून ३०० झाडे मोजली आणि बागेअंतर्गत साम्याचा गुणांक ०.२ असला, तर ती ३०० झाडे स्वतंत्रपणे निवडलेल्या सुमारे २८ झाडांएवढीच माहिती देतात. परिस्थितिशास्त्रज्ञ हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या खोट्या पुनरावृत्तीवर बोट ठेवले. शिक्षणशास्त्रातील कृतिसंशोधनात एका तुकडीला नवी अध्यापन पद्धत आणि दुसरीला जुनी देतात, आणि ८० विद्यार्थी हा नमुना मानतात. पद्धतीच्या दृष्टीने तिथे दोनच नग आहेत.

शेतातील मोजमापाच्या शिस्तीला मराठी माणसांनी मोठा हात लावला आहे. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि व्ही. जी. पानसे यांचे शेती संशोधकांसाठीचे संख्याशास्त्रीय पद्धतींवरील इंग्रजी पुस्तक भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९५४ मध्ये काढले, आणि त्यावर कृषी महाविद्यालयांच्या पिढ्या शिकल्या. पीक कापणी प्रयोगात कापायचा तुकडा केवढा असावा यावर सुखात्मे आणि प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा प्रसिद्ध वाद झाला. महालनोबिस यांच्या पाहण्यांत लहान वर्तुळाकार तुकडे कापले जात. तुकडा लहान तसे खर्च कमी आणि तुकड्यांची संख्या जास्त, हा त्यातला फायदा. सुखात्मे यांनी १९४६ मध्ये दाखवले की तुकडा लहान होत जाईल तसे एकरी उत्पन्न फुगते. कडेवरचे रोप आत धरायचे की बाहेर, या प्रश्नावर कापणाऱ्याचा हात आत झुकतो, आणि लहान तुकड्यात क्षेत्राच्या मानाने कड जास्त. ही चूक तुकड्यांची संख्या वाढवून कमी होत नाही. संख्येने यादृच्छिक चूक घटते. कल तसाच राहतो.

हा प्रश्न आज शेतकऱ्याच्या खात्याशी जोडलेला आहे. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत महसूल मंडळ हे एकक असते तिथे एका पिकाचे किमान १० कापणी प्रयोग अपेक्षित असतात. त्यांची सरासरी मंडळासाठी आधी ठरलेल्या उंबरठा उत्पन्नाच्या जितकी खाली, त्या प्रमाणात मंडळातील सगळ्या विमाधारकांना भरपाई. समजा, कपाशीचे उत्पन्न मंडळात शेतागणिक ३० टक्क्यांनी बदलते. मग १० प्रयोगांच्या सरासरीची प्रमाण त्रुटी साडेनऊ टक्के येते आणि ९५ टक्क्यांच्या मर्यादा दोन्ही बाजूंना सुमारे २१ टक्के. मंडळाचे खरे उत्पन्न नेमके उंबरठ्याएवढे असले, तरी मोजलेली सरासरी त्याच्या १० टक्के खाली जाण्याची शक्यता साधारण सातात एक. तितकीच ती १० टक्के वर जाण्याची. म्हणजे शेजारच्या दोन मंडळांत पीक सारखेच, पण एका मंडळाला भरपाई आणि दुसऱ्याला काही नाही, असे होण्यामागे दर वेळी कुणाची लबाडीच असावी लागते असे नाही. कपाशीची वेचणी अनेकदा होते, आणि एखादी वेचणी नोंदीतून सुटली की खालच्या बाजूचा कल त्यात भर घालतो. लहान क्षेत्राचे अनुमान या नावाने ओळखली जाणारी शाखा अशा वेळी शेजारच्या मंडळांचे आकडे, पाऊस आणि उपग्रहाची चित्रे यांचा आधार घेऊन मंडळाचा अंदाज स्थिर करते. फे आणि हेरियट यांचे १९७९ चे प्रारूप तिच्या पायाशी आहे.

आधीचे ज्ञान हिशेबात घेण्याचा सर्वांत मोकळा मार्ग बेजच्या प्रमेयाचा. कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार केंब्रिजला या मार्गाचे मोठे पुरस्कर्ते हॅरॉल्ड जेफ्रीज यांचे विद्यार्थी होते. पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग त्यांनीच १९५३ मध्ये उभा केला. मार्ग उपयोगी आहे, पण लहान नमुन्यात त्याची किंमत उघड्यावर मांडली पाहिजे. वीस काडतुसांचे उदाहरण पुन्हा घ्या. आधीच्या लॉटांचा अनुभव २०० नगांच्या तोलाचा आणि फुसक्यांचे अपेक्षित प्रमाण अर्धा टक्का धरले, तर चाचणीआधीच वरची मर्यादा सुमारे १.५ टक्के असते. २० नग निर्दोष निघाल्यावर ती १.४ होते. उत्तर आश्वासक आहे, पण ते जवळजवळ सगळे जुन्या अनुभवाने दिले. नव्या २० नगांनी फार थोडे. जुना अनुभव याच यंत्राचा आणि याच कच्च्या मालाचा असेल तर हरकत नाही. नसेल, तर चाचणी झाली हे म्हणण्यापुरतेच.

एफ्रॉन यांची १९७९ ची बूटस्ट्रॅप पद्धत नमुन्यातूनच पुन्हा पुन्हा नमुने काढते. लहान नमुन्यावरचा रामबाण म्हणून तिची वाखाणणी होते, ती अनाठायी. सहा निरीक्षणांतून वेगवेगळे पुनर्नमुने ४६२ च निघतात, आणि सहांत जे आलेच नाही ते कितीही वेळा काढले तरी येणार नाही. तिच्या साध्या रूपाने काढलेल्या मर्यादा लहान नमुन्यात हव्यापेक्षा अरुंद येतात.

प्रयोगाआधीचा हिशेब वेगळा. दोन गटांतील फरक एका प्रमाण विचलनाएवढा असेल, तर तो ८० टक्के वेळा पकडायला गटागणिक १७ नग लागतात. अर्ध्या विचलनाचा असेल तर ६४. हाताशी आठच असतील आणि अपेक्षित फरक लहान असेल, तर प्रयोग थांबवणे किंवा प्रश्न बदलणे बरे. कारण अशा प्रयोगातून निकाल आला तरी तो फुगलेला असतो. खरा फरक प्रमाण त्रुटीएवढाच असेल, तर ०.०५ ची रेषा ओलांडायला मोजलेला फरक त्याच्या जवळजवळ दुप्पट यावा लागतो. छापून येतात ते बहुधा असेच निकाल, आणि पुढच्या संशोधकाला तो परिणाम पुन्हा सापडत नाही. कच्चे विद्यार्थी निवडून केलेल्या पूर्व-उत्तर चाचणीत आणखी एक भर पडते : सर्वांत कमी गुणांचे विद्यार्थी पुढच्या वेळी काही न करताही थोडे वर येतात. संख्येशी खेळणाऱ्यांनाही लहान नमुन्याचे हे धोके ओळखणे जड जाते. ट्व्हर्स्की आणि काहनमन यांनी १९७१ मध्ये दाखवले, की प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञसुद्धा लहान नमुन्यावर गरजेपेक्षा फार जास्त भरवसा टाकतात.

निष्कर्ष लिहिताना लहान नमुन्याला एक सोय आहे, ती मोठ्याला नाही : सगळे आकडे छापता येतात. सहा फरक एका ओळीत मावतात. सरासरी आणि पी-मूल्य देऊन ते सहा आकडे गाळणे हा निव्वळ तोटा. ते दिले, सोबत विश्वास मर्यादा दिल्या, कुठली चाचणी प्रयोगाआधी ठरवली होती हे सांगितले, तर वाचणारा स्वतः दुसरी चाचणी लावू शकतो. रावेर, यावल आणि चोपडा या तालुक्यांत प्रत्येकी असा एक प्रयोग झाला आणि तिघांचे आकडे सारख्या मांडणीने उपलब्ध असले, तर ते जोडून प्रमाण त्रुटी ०.४२ वरून सुमारे ०.२४ वर येते. तालुक्यागणिक परिणाम खरोखर वेगळा असेल तर हा आकडा वाढतो. जोडणीत फरक न सापडलेला प्रयोगही आला पाहिजे. तो कपाटात राहिला तर एकत्र अंदाज पुन्हा वरच्या बाजूला झुकतो. आणि भागांची आखणी, वादळात मोडलेली झाडे व गाळलेली वजने यांची नोंद प्रत्येकाने केलेली नसेल, तर हे आकडे एकमेकांना जोडताच येत नाहीत.